जॉन ब्रूम: एका आयरिश स्थलांतरित विनोदी नटाची कारकीर्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कच्या रंगभूमीविषयी लिहिताना जॉन ब्रूम हे नाव आले की वाचकांकडून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांपैकी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॉन ब्रूम नेमका कोण होता?

ब्रूम हा डब्लिनमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये तयार झालेला आणि १८४२ पासून मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये वावरलेला विनोदी नट होता. तो नाटककारही होता, नाट्यगृहचालकही होता आणि काही काळ एका विनोदी साप्ताहिकाचा संपादकही होता. जुलै १८३० मध्ये त्याने लंडनला पहिली भूमिका केली आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये न्यूयॉर्कला शेवटची. जवळजवळ पन्नास वर्षांच्या या काळात त्याने विनोदी आयरिश पात्रे गाजवली, गंभीर नाटकांची विडंबने लिहिली, कादंबऱ्यांची नाट्यरूपांतरे केली आणि दोनदा स्वतःच्या नावाचे नाट्यगृह उघडून दोन्ही वेळा ते गमावले. प्रेक्षकांशी थेट बोलण्याची त्याची हातोटी त्याच्या काळात सर्वांना ठाऊक होती आणि माझ्या मते त्याचे खरे मोठेपण तिच्यातच आहे.

२. त्याचे जन्मवर्ष कुठे १८१०, तर कुठे १८१४ दिलेले दिसते. कोणते धरावे?

जन्मदिवस ९ मे असाच सांगितला जातो; मतभेद आहे तो वर्षाबद्दल. अनेक कोशांनी १८१४ स्वीकारले आहे. मात्र, नाटकात येण्यापूर्वी तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला होता आणि त्यानंतर शस्त्रक्रियेच्या शिक्षणासाठी पीटर स्ट्रीटवरील रुग्णालयात सुमारे आठ महिने उमेदवारी करत होता, हे त्याच्या चरित्रात नोंदवलेले आहे. १८१४ धरल्यास हे सारे वयाच्या सोळाव्या वर्षाआधी उरकले होते असे मानावे लागते. त्यामुळे १८१० अधिक पटण्यासारखे वाटते. वाचकांनी कोशातील वर्ष उद्धृत करताना दुसऱ्या वर्षाचाही उल्लेख करावा, हे बरे.

३. वैद्यकीचा विद्यार्थी रंगभूमीवर कसा आला? त्याचा हिंदुस्थानाशी काही संबंध होता का?

ब्रूमचे वडील हौशी चित्रकार होते आणि ते लवकर वारले, त्यामुळे त्याचे पालनपोषण व शिक्षण नातेवाइकांच्या आधाराने झाले. त्याचे काका सुस्थितीत होते. ते आर्थिक अडचणीत येताच शिक्षणाचा खर्च थांबला आणि १८३० मध्ये ब्रूम नशीब काढायला लंडनला गेला. तिथे हातातले पैसे संपल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती व्हावे, असे त्याने ठरवले. चरित्रात सांगितलेली हकिकत अशी आहे की, भरतीच्या अधिकाऱ्याने त्याला घेण्याऐवजी त्याच्या हातावर एक गिनी ठेवली आणि दुसरा एखादा उद्योग बघण्याचा सल्ला दिला. हिंदुस्थानाशी त्याचा संबंध आला तो एवढाच. त्या अधिकाऱ्याने रूढ शिरस्त्याप्रमाणे त्याचे नाव नोंदवून घेतले असते, तर हा तरुण बहुधा मुंबई, मद्रास किंवा बंगालच्या छावणीत पोहोचला असता.

त्यानंतर लवकरच एका जुन्या परिचिताची अचानक गाठ पडली आणि टॉटनहॅम स्ट्रीटवरील छोट्या नाट्यगृहात त्याला काम मिळाले. ‘टॉम अँड जेरी’ या खेळात त्याने एकाच प्रयोगात सहा वेगवेगळ्या भूमिका केल्या. पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, तो मादाम व्हेस्ट्रिस यांच्या संचात दाखल झाला. लंडनमध्ये नाट्यगृह चालवणाऱ्या या कर्तबगार अभिनेत्रीच्या ऑलिंपिक नाट्यगृहात हलकीफुलकी संगीत विडंबने नेटकेपणाने सादर होत असत. ब्रूम पुढे जे करून दाखवणार होता, त्याची शाळा हीच. १८४० मध्ये त्याने लंडनचे लायसियम नाट्यगृह काही काळ चालवले आणि त्यासाठी नाटकेही लिहिली.

४. तो आयर्लंडमधील मोठ्या दुष्काळामुळे अमेरिकेला गेला का?

नाही. बटाट्याच्या पिकावर रोग पडून सुरू झालेला तो दुष्काळ १८४५ चा. ब्रूम त्याच्या तीन वर्षे आधी अमेरिकेत पोहोचला होता आणि तोही आयर्लंडहून नव्हे, तर लंडनहून. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि किमान तेवढ्यांनीच देश सोडला. त्या लोंढ्याबरोबर आलेला तो उपाशी शेतमजूर नव्हता. तो कॉलेजात शिकलेला, नाव होत आलेला नट होता.

तरीही त्याच्या कारकिर्दीवर या दुष्काळाची गडद छाया आहे, कारण त्याचा प्रेक्षकवर्गच त्यामुळे बदलला. १८५५ च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहराच्या लोकसंख्येत चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे आयर्लंडमध्ये जन्मलेली होती. त्याच सुमारास स्थलांतरितांना, विशेषतः कॅथलिक आयरिशांना, विरोध करणारा ‘नो-नथिंग’ नावाने ओळखला जाणारा पक्ष निवडणुका जिंकत होता. अशा शहरात आयरिश माणसाची भूमिका करून हसे मिळवणे ही साधी गोष्ट नव्हती.

त्याने नेमकी तीच वेळ का साधली असावी, याचा विचार करताना आणखी एक घटना लक्षात घ्यावी लागते. टायरोन पॉवर हा आयरिश विनोदी नट अमेरिकेचे दौरे करून अफाट लोकप्रिय झाला होता; मार्च १८४१ मध्ये न्यूयॉर्कहून परतताना ‘प्रेसिडेंट’ या आगबोटीसह तो समुद्रात बेपत्ता झाला. हॉलिवूडमध्ये याच नावाने गाजलेला नट हा त्याचा पणतू. पॉवरच्या जाण्याने अमेरिकन रंगभूमीवर आयरिश विनोदी भूमिकांची जागा मोकळी झाली होती आणि पुढच्याच वर्षी ब्रूम तिथे उतरला.

५. अमेरिकेत त्याने सुरुवात कोणत्या भूमिकेने केली आणि त्याचा जम कुठे बसला?

४ ऑक्टोबर १८४२ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरमध्ये ‘हिज लास्ट लेग्ज’ या प्रहसनातील फेलिक्स ओ’कॅलघन या भूमिकेने तो अमेरिकन प्रेक्षकांसमोर आला. त्याचा खरा जम मात्र विल्यम बर्टन या इंग्रज विनोदी नटाच्या कंपनीत बसला.

त्या काळची पद्धत समजून घेतल्याशिवाय या कामाचा आवाका कळत नाही. नाट्यगृहाचा स्वतःचा पगारी संच असे आणि प्रत्येक नटाची ठरलेली जात असे: नायक, खलनायक, म्हातारा, विनोदी नोकर, आयरिश माणूस. एका रात्री मुख्य नाटक आणि त्याच्या मागेपुढे छोटे प्रहसन, असे दोन-तीन खेळ होत आणि कार्यक्रम आठवड्यातून कित्येकदा बदले. त्यामुळे नटाला नकला भराभर पाठ कराव्या लागत आणि ज्याला लिहिता येते असा नट कंपनीला सोन्याच्या मोलाचा वाटे. ब्रूमला दोन्ही येत होते.

१८४८ च्या उन्हाळ्यात बर्टनच्या चेंबर्स स्ट्रीटवरील नाट्यगृहात त्याने केलेले डिकन्सच्या ‘डॉम्बी अँड सन’ या कादंबरीचे नाट्यरूप आले आणि कंपनीचे नशीब पालटले. बर्टनचा कॅप्टन कटल लोकांनी डोक्यावर घेतला. ब्रूमने स्वतःकडे बन्सबी आणि बॅगस्टॉक ही पात्रे ठेवली होती. पुढे ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये तो मिकॉबर झाला. डिकन्सला यातले काहीच मिळाले नाही, कारण परदेशी लेखकांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण १८९१ पर्यंत नव्हते. ब्रूमच्या लेखणीला त्याचा फायदा झाला आणि तोटाही. तोट्याबद्दल प्रश्न ११ पाहावा.

६. तो रंगमंचावर आयरिश लोकांची टिंगल करून पोट भरत होता, हा आरोप खरा आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे एका शब्दात उत्तर देणे अन्यायाचे होईल. इंग्रजी रंगभूमीवर आयरिश माणसाचा एक साचा शेकडो वर्षे चालत आला होता. तो दारू पितो, क्षणात भांडायला उठतो, बोलताना स्वतःच्याच वाक्यात स्वतःला खोटे पाडतो आणि त्याच्या उच्चारांवर प्रेक्षक हसतात. इंग्रज प्रेक्षकाला आपण श्रेष्ठ असल्याचे समाधान त्यातून आयते मिळत असे. पुढे अमेरिकेत वर्तमानपत्री व्यंगचित्रांनी आयरिश माणसाला माकडाचा चेहरा दिला, तेव्हा हा साचा आणखी विखारी झाला.

ब्रूमने या साच्यातल्या भूमिका केल्या, हे नाकारता येत नाही. ‘जॉन बुल’ या नाटकातला डेनिस ब्रलग्रडरी हा बडबड्या खानावळवाला त्याच्या आवडत्या भूमिकांपैकी होता. पण त्याच्या भूमिकांत शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’मधला सर लुशियस ओ’ट्रिगर होता, तसे खानदानी, हजरजबाबी, कंगाल असूनही ऐटीत राहणारे आयरिश गृहस्थही होते आणि प्रेक्षकांना त्याची ओळख याच भूमिकांमुळे अधिक होती. हसू त्या माणसाच्या मूर्खपणाला येत नसे. तो समोरच्याला बोलण्यात कसा गुंडाळतो, याला येत असे. विद्यापीठात अभिजात भाषा शिकलेल्या डब्लिनकराने ही पात्रे उभी केल्यामुळे त्यांच्या बोलण्याला एक डौल आला होता.

त्याने स्वतः लिहिलेली नाटके पाहिली, तर हे आणखी स्पष्ट होते. ‘टेम्प्टेशन, ऑर द आयरिश एमिग्रंट’ या १८४९ च्या सुमारास आलेल्या नाटकाच्या केंद्रस्थानी ओ’ब्रायन हा अमेरिकेत नुकताच उतरलेला, खिशात दमडी नसलेला आयरिश माणूस आहे. दुष्काळाची जहाजे बंदरात लागत असताना, त्या जहाजांतून उतरणाऱ्या माणसाला विनोदी नोकराच्या जागेवरून उचलून नाटकाचा नायक करणे, यात ब्रूमची भूमिका दिसते. साचा त्याने मोडला नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याने साच्याच्या आत माणूस बसवला. आयरिश रंगमंचीय पात्राला पूर्ण वेगळे वळण देण्याचे श्रेय त्याच्यापेक्षा डायन बुसिको या आयरिश नाटककाराला द्यावे लागेल, ज्याच्याशी ब्रूमचे संबंध गुंतागुंतीचे होते (प्रश्न १२).

७. बार्नी विल्यम्स आणि ब्रूम यांची सारखी तुलना होते. दोघांत फरक काय?

दोघेही आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि दोघेही आयरिश भूमिकांसाठी प्रसिद्ध. विल्यम्स कॉर्कचा, तो लहानपणीच न्यूयॉर्कला आला आणि त्या शहराच्या गल्ल्यांत वाढला. पत्नी मारिया प्रे हिच्याबरोबर त्याने ‘आयरिश मुलगा आणि यँकी मुलगी’ अशी जोडी जमवली आणि ठरावीक खेळ घेऊन दौरे करून तो श्रीमंत झाला. ब्रूमने संचात राहून सतत नवे लिहिणे पसंत केले आणि त्यामुळे तो कधीच श्रीमंत झाला नाही. विल्यम्सचे प्रेक्षक गॅलरीतले, कष्टकरी. ब्रूमचे प्रेक्षक कोटी पकडणारे, मूळ नाटक पाहिलेले. ही विभागणी काटेकोर नाही, पण दिशा म्हणून योग्य आहे.

८. त्याच्या विडंबनांबद्दल इतके बोलले जाते. त्यांत विशेष काय होते?

अमेरिकेत त्या काळी ‘थोर रेड इंडियन’ या कल्पनेवर बेतलेल्या शोकात्म नाटकांची लाट होती. एडविन फॉरेस्ट या बलदंड नटाने रेड इंडियन नायक असलेल्या उत्तम नाटकासाठी पाचशे डॉलरचे बक्षीस लावले होते. ते जॉन ऑगस्टस स्टोन याच्या ‘मेटामोरा’ला मिळाले आणि १८२९ पासून फॉरेस्ट ते नाटक गर्जत, जमीन हादरवत वर्षानुवर्षे करत होता. ब्रूमने १८४७ मध्ये बॉस्टनला ‘मेटामोरा, ऑर द लास्ट ऑफ द पॉलिवॉग्ज’ आणले. वंशातला शेवटचा वीर असलेला मूळ नायक इथे बेडकाच्या पिल्लांच्या जमातीतला शेवटचा झाला. फॉरेस्टचा नायक शाप देत मरतो. ब्रूमचा नायक प्रेक्षकांच्या समाधानासाठी मरायला साफ नकार देतो.

२४ डिसेंबर १८५५ रोजी न्यूयॉर्कमधील वॉलॅकच्या लायसियम नाट्यगृहात (प्रश्न ११) आलेले ‘पो-का-हाँ-टास, ऑर द जेंटल सॅव्हेज’ हे या प्रकारातले शिखर होय. पोकाहाँटासने कॅप्टन जॉन स्मिथचा जीव वाचवल्याची कथा तेव्हा शाळेतल्या पुस्तकांत होती आणि ती अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितली जाई. ब्रूमने तिला यमकांत बांधले, ओळीओळीत श्लेष पेरला आणि मध्ये लोकप्रिय चालींवरची गाणी घातली. स्वतः तो राजा पाउहाटन झाला. टस्करोरा जमातीच्या मुलींसाठी त्याने तिथे न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू शाळेसारखी एक शाळाच काढली. राजाच्या दरबाऱ्यांची नावे ऐकायला रेड इंडियन वाटतात, पण मोठ्याने म्हणून पाहिली की ती औषधांच्या दुकानातली निघतात: कॉड-लिव्ह-रॉइल हे कॉड माशाच्या यकृताचे तेल, ओ-पो-डिल-डॉक हे अंगाला चोळायचे मलम, कोल-ओ-गॉग हे पित्तावरचे औषध. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाने ही नावे निवडावीत, याचे मला विशेष कौतुक वाटते. इतिहासात पोकाहाँटासचे लग्न जॉन रॉल्फशी १६१४ मध्ये झाले. इथे तो निकाल पत्त्यांच्या डावावर लागतो आणि स्मिथ जिंकतो.

१८५७ च्या ‘कोलंबस एल फिलिबुस्तेरो’मध्ये त्याने याच हत्याराने अमेरिकेच्या भूमिविस्ताराच्या हव्यासाकडे मोर्चा वळवला. विल्यम वॉकरसारखे साहसवीर मध्य अमेरिकेत देश बळकावायला निघाले होते तो हा काळ. त्यामुळे कोलंबसला ‘फिलिबस्टर’, म्हणजे असा मुलूख बळकावणारा साहसवीर, म्हणणे प्रेक्षकांना लगेच कळत असे.

९. ही विडंबने मूळ अमेरिकन रहिवाशांचा अपमान करणारी नव्हती का?

रंगमंचावर चेहरे रंगवलेले गोरे नट होते, त्या जमातींचा एकही माणूस नव्हता आणि त्यांच्या भाषेचे ध्वनी हास्यासाठी वापरले गेले होते. आजच्या वाचकाला हे खटकते आणि खटकलेच पाहिजे. ब्रूमचे मुख्य लक्ष्य फॉरेस्टची शैली आणि गोऱ्यांनी रचलेली भाबडी दंतकथा हे होते, हेही तितकेच खरे. ज्या जमातींना जमिनीवरून हुसकावले जात होते, त्यांच्या नावाने नाट्यगृहात अश्रू ढाळणे यातला दांभिकपणा त्याने पकडला. त्या जमातींच्या बाजूने मात्र तो उभा राहिला नाही. स्वतः साच्यात अडकवल्या गेलेल्या समाजातला हा माणूस दुसऱ्या समाजाचा साचा वापरत होता, ही गोष्ट त्याच्याबद्दल आदर असणाऱ्यांनीही नजरेआड करू नये.

१०. नायिकेशिवाय ‘पोकाहाँटास’चा प्रयोग झाल्याची गोष्ट खरी आहे का? आणि ‘प्रेक्षागृहातील दंगल’ काय होती?

पहिली गोष्ट खरी आहे. नायिकेची भूमिका करणारी जॉर्जिना हॉडसन आयत्या वेळी आलीच नाही. प्रेक्षक येऊन बसले होते. प्रयोग रद्द न करता ब्रूम आणि स्मिथची भूमिका करणारा चार्ल्स वॉलकट यांनी पोकाहाँटासविना ‘पोकाहाँटास’ करून दाखवले. तिच्या वाट्याच्या जागा दोघांनी पदरच्या संवादांनी भरून काढल्या. आपल्या वगातला कसलेला सोंगाड्या जे करतो, तेच हे. त्या दोघांना एकमेकांच्या ॲडिशनला उत्तर देण्याची सवय इतकी अंगवळणी पडली होती की छापील संहिता हा त्यांच्यासाठी केवळ सांगाडा होता.

दुसरी गोष्ट एका नाटकाची आहे. एप्रिल १८५१ मध्ये ब्रूमने न्यूयॉर्कमधील स्वतःच्या लायसियम नाट्यगृहात (प्रश्न ११) ‘अ रो ॲट द लायसियम’ आणले. पडदा वर जातो, तेव्हा नट साध्या कपड्यांत बसून एका नव्या रक्तरंजित नाटकाचे वाचन करत असतात. एक अभिनेत्री प्रवेश करताच प्रेक्षागृहात खाली बसलेला, क्वेकर पंथीयासारखा साधा पोशाख केलेला एक जाडजूड गृहस्थ ताडकन उठतो आणि ही माझी बायको आहे, हिला ताबडतोब खाली उतरवा, असे ओरडू लागतो. लोक वैतागतात, काही जण त्याला खाली बसायला सांगतात. तेवढ्यात लाल सदरा घातलेला अग्निशमन दलाचा एक तरुण प्रेक्षकांतूनच उठून त्या बाईची बाजू घेतो आणि त्या गृहस्थाला ठोकून काढण्याची धमकी देतो. गृहस्थ वाट काढत रंगमंचापर्यंत पोहोचतो, पोलीस येतात, सगळा गोंधळ रंगमंचावर चढतो आणि मग हे सारे एका ओळीत उभे राहून प्रेक्षकांना वंदन करतात, तेव्हा उलगडा होतो की सगळेच नट होते.

दोनच वर्षांपूर्वी, मे १८४९ मध्ये, फॉरेस्ट आणि इंग्रज नट मॅक्रिडी यांच्या वैरातून ॲस्टर प्लेस येथे खरी दंगल झाली होती आणि सैन्याच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली होती. नाट्यगृहातला आरडाओरडा ऐकून न्यूयॉर्ककरांच्या पोटात गोळा येणे साहजिक होते. त्या भीतीला इतक्या जवळून हात घालून शेवटी हशात सोडवणे, हे प्रेक्षकांची नाडी ओळखणाऱ्यालाच साधते.

११. एवढी लोकप्रियता असून त्याची नाट्यगृहे का बुडाली?

दोन्ही वेळची कारणे वेगळी आहेत. ब्रूम्स लायसियम २३ डिसेंबर १८५० रोजी ब्रॉडवेवर, ब्रूम स्ट्रीटजवळ उघडले. सुरुवात चांगली झाली. नंतर शेजारची इमारत पाडली गेली आणि उघड्या पडलेल्या भिंतीमुळे नाट्यगृह धोकादायक दिसू लागले, तशी प्रेक्षकांची पावले मंदावली. १८५२ मध्ये ते जेम्स वॉलॅककडे गेले आणि वॉलॅकचे लायसियम म्हणून भरभराटीला आले. ‘पोकाहाँटास’चा पहिला प्रयोग ब्रूमने केला, तो याच हातून गेलेल्या वास्तूत, पगारी नट म्हणून.

दुसरे, ब्रूम्स थिएटर, चोविसाव्या रस्त्यावर २५ जानेवारी १८६९ रोजी सुरू झाले. वास्तूचा मालक जिम फिस्क हा ईरी रेल्वेच्या शेअरबाजारी लढायांमुळे कुप्रसिद्ध झालेला धनाढ्य होता. मार्चमध्ये ब्रूमने शेक्सपिअरचे विडंबन असलेले ‘मच अडू अबाउट अ मर्चंट ऑफ व्हेनिस’ आणले आणि एप्रिलच्या सुरुवातीला फिस्कने त्याला बाहेर काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑगस्टिन डेली याने तिथे फिफ्थ अव्हेन्यू थिएटर सुरू करून नाव कमावले. मधल्या काळात, १८५६ मध्ये, ब्रूमने बॉवरी थिएटरही भाड्याने घेऊन ‘किंग जॉन’ मोठ्या थाटात केले होते. त्यानेही तो सावरला नाही.

लेखनातून तरी पैसा का आला नाही, असेही विचारले जाते. प्रयोगाच्या हक्काचा कायदा अमेरिकेत ऑगस्ट १८५६ मध्ये झाला. त्याआधी छापून आलेले नाटक कुणीही कुठेही करू शकत होते आणि लेखकाला एक दमडी द्यावी लागत नसे. ब्रूमची सर्वांत गाजलेली बरीचशी कामे त्या आधीची आहेत.

१२. ‘लंडन ॲश्युरन्स’ हे नाटक खरोखर कोणाचे?

४ मार्च १८४१ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आलेले हे नाटक डायन बुसिको याच्या नावावर आहे आणि ते तसेच राहील. ब्रूमचे म्हणणे असे होते की मूळ कल्पना आणि आरंभीच्या लेखनात त्याचा वाटा होता आणि डॅझल ही भूमिका त्याने स्वतःसाठी योजली होती. बुसिकोने पैशाच्या रूपाने हा वाटा काही प्रमाणात मान्य केल्याचे सांगितले जाते. डॅझल हा आगंतुक, गोड बोलून घरात शिरणारा गृहस्थ ब्रूमच्या इतर भूमिकांशी इतका जुळतो की त्याचा दावा निराधार वाटत नाही. संपूर्ण नाटकाचा डौल आणि बांधणी मात्र बुसिकोची आहे. या वादाने दोघांची वाट कायमची वेगळी झाली असे समजू नये: पुढे ब्रूमने बुसिकोच्या आयरिश नाटकांत महत्त्वाच्या भूमिका केल्या.

१३. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तो कुठे होता?

लंडनमध्ये. सप्टेंबर १८६० मध्ये तो तिकडे गेला आणि पाच वर्षे राहिला. या काळात त्याने फेक्टर या नटासाठी फ्रेंच कथानकावरून ‘द ड्यूक्स मोटो’ लिहिले आणि बुसिकोच्या ‘अरा-ना-पोग’मध्ये ओ’ग्रेडी रंगवला. ऑक्टोबर १८६५ च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला विंटर गार्डन नाट्यगृहात पुन्हा उभा राहिला.

१४. चार्ल्स लिव्हरच्या ‘हॅरी लॉरेकर’ या कादंबरीचा नायक ब्रूमवरून घेतला होता का?

असे त्याच्या हयातीतच म्हटले जात होते. दोघे डब्लिनचे आणि लिव्हरही वैद्यकीचा, त्यामुळे ही समजूत टिकली. तिला आख्यायिकेपेक्षा अधिक वजन देऊ नये.

१५. त्याच्या शेवटच्या वर्षांत काय झाले?

उतारवयात तो डेली आणि वॉलॅक यांच्या कंपन्यांत पगारावर काम करत राहिला. प्रकृती ढासळली, बचत नव्हती. १७ जानेवारी १८७८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्याच्या मदतीसाठी मोठा प्रयोग झाला आणि दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमली. ती त्याच्या हाती रोख न देता तिच्यातून त्याला वार्षिक उत्पन्न मिळेल, अशी व्यवस्था करण्यात आली. हात सैल असलेल्या माणसाला ओळखणाऱ्या मित्रांनी केलेली ही व्यवस्था होती. मदतीचे असे प्रयोग त्या धंद्यात नित्याचे होते, कारण निवृत्तिवेतन नावाची गोष्ट नटांना नव्हती. २५ ऑक्टोबर १८७९ रोजी बूथ्स थिएटरमध्ये बुसिकोच्या ‘रेस्क्यूड’ या नाटकात त्याने फेलिक्स ओ’रायली या गुप्तहेराची भूमिका केली, ती शेवटची. अमेरिकेतल्या पहिल्या भूमिकेतल्या पात्राचे नावही फेलिक्सच होते. ७ जून १८८० रोजी तो न्यूयॉर्कमध्ये वारला आणि ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

१६. इतका मोठा नट विसरला कसा गेला?

त्याची कला कागदावर उतरणारी नव्हती. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक त्याला पडद्यापुढे बोलावत आणि तो आयत्या वेळी जे भाषण करी, त्यासाठीच काही जण येत. त्याचे ध्वनिमुद्रण नाही. विडंबनाचे आयुष्य मूळ नाटकाला बांधलेले असते: ‘मेटामोरा’ आणि फॉरेस्ट दोघेही स्मरणातून गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या कोट्या अनाथ झाल्या. शिवाय १८७० च्या दशकात हॅरिगन आणि हार्ट या नटजोडीने न्यूयॉर्कच्या चाळवजा वस्त्यांतले आयरिश जीवन रंगमंचावर आणले. हॅरिगन अमेरिकेतच जन्मलेला; त्याच्या प्रेक्षकांना ब्रूमचा ऐटबाज आयरिश गृहस्थ परका वाटू लागला.

१७. मूळ लेखन वाचायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

आधी ‘पोकाहाँटास’ घ्यावे आणि ते मनात न वाचता मोठ्याने वाचावे, कारण निम्मे श्लेष डोळ्यांना दिसत नाहीत, कानालाच कळतात. पात्रांची यादी वगळू नये. त्यानंतर ‘मेटामोरा’चे विडंबन वाचायचे असेल, तर स्टोनचे मूळ नाटक शेजारी ठेवावे. ‘द आयरिश एमिग्रंट’ शेवटी वाचावे. त्यात कोट्या कमी आहेत आणि तिकडे जाताना प्रश्न ६ मधील चर्चा लक्षात असलेली बरी. गद्यासाठी ‘अ बास्केट ऑफ चिप्स’ हा १८५५ चा संग्रह आहे. १८५२ मध्ये त्याने चालवलेल्या ‘द लँटर्न’ या विनोदी साप्ताहिकाचे अंक मिळाले, तर त्यांतली व्यंगचित्रेही पाहावीत. ब्रूमच्या कोट्या कोणत्या राजकीय प्रसंगांवर होत्या, ते त्यांवरून उमगते.